बिनचुन्याचा खण

"थुंका! आधी थुंका, मंग बोला! तिथं न्हाई, बांधाच्या पल्याड जाऊन थुंका!"

शेडच्या दारात वहिनी तुतीची फांदी आडवी धरून उभी होती आणि हे ओरडणं माझ्यासाठी होतं. माझ्या तोंडात तंबाखू होती. मी बांधापलीकडे गेलो, थुंकलो, चूळ भरली, परत आलो. तिनं चार हातांवरूनच हुंगलं आणि मला पुन्हा पिटाळलं. तिसऱ्या चुळीनंतर आत घेतलं, तेही हात ब्लीचिंगच्या पाण्यात बुचकळून आणि पाय त्याच पाण्यानं भिजवलेल्या पोत्यावर चारदा पुसून. नवरी घरात घेतानासुद्धा आमच्याकडे एवढे सोपस्कार होत नाहीत. नवरी निदान माप लाथाडून तरी आत येते.

रेशमाच्या अळीला तंबाखू चालत नाही. तंबाखू मळलेल्या हातानं पानाला शिवलं तरी ती हिरवं ओकते आणि मान टाकते. अत्तर चालत नाही, उदबत्ती चालत नाही, शेजारच्या कापसावर मारलेलं औषध वाऱ्यावर आलं तर दुपारपर्यंत सगळी बॅच आडवी. इतका नाजूक जीव मी अख्ख्या बीड जिल्ह्यात आणखी एकच पाहिलाय, तो म्हणजे आमच्या दादाचा साडू. पण साडू निदान रेशीम काढत नाही, त्यामुळे त्याचं कुणी एवढं करत नाही.

यंदा थंडी पडली आणि हे सगळं आठवलं. आमच्या गावची थंडी म्हणजे, कोंबडा 'कुकूच' एवढंच म्हणतो आणि उरलेलं आरवणं ऊन पडल्यावर पुरं करतो. चौसाळ्याचा हमरस्ता सोडून आत वळलं की दोन ओढे लागतात, दोन्ही कोरडे, आणि मग आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते बांधून ट्रकमधून कारखान्यांकडे जातं. मागं उरतात कुलपं, ओट्यावरच्या म्हाताऱ्या आणि तुती. बाकी सगळं रान करडं पडलेलं असताना तुतीचे पट्टे मात्र हिरवेगार असतात, कुणी चुकून तिथं रंग सांडल्यासारखे. सकाळी पाला कापतात तेव्हा कच्च्या काकडीसारखा वास सुटतो. शेडमध्ये ऊब राहावी म्हणून वहिनी घमेल्यात निखारे करते, पण धूर पुरता जाईस्तोवर घमेलं बाहेर ठेवते, वाकून हुंगते, मग आत नेते. दादाला थंडीत शेकोटी मिळाली नाही असं कितीदा झालं. अळीला मात्र ऊब नेमानं मिळाली.

शेवटच्या आठवड्यात अळ्या खायला लागतात तो आवाज ऐकायला मी शेडच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसतो. लोक म्हणतात, पाऊस पडल्यासारखं वाटतं. पाऊस आमच्याकडे कधी एवढ्या नेमानं पडलेला नाही, म्हणून ती उपमा मी वापरत नाही. मला ती पंगत वाटते. हजारो माणसं ओळीनं बसलीत, कुणी कुणाशी बोलत नाही, सगळ्यांच्या ताटात फक्त पापड आहेत, आणि वाढपी दमत नाही.

वाढपी म्हणजे वहिनी.

माझं म्हणाल तर मी पोस्टात होतो. उभी हयात आसपासच्या वस्त्यांवर चिठ्ठ्या वाटल्या, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ओट्यावर बसून वाचून दाखवल्या. पोरगं फक्त 'खुशाल आहे, काळजी नसावी' एवढंच लिहायचं. मग त्या माउलीचं तोंड बघून मी पदरचं घालायचो, 'तुझ्या हातच्या भाकरीची लई आठवण येते.' एकदा भाकरी घातली की पुढच्या वेळी ठेचा घालावा लागायचा. मग दोन थेंब आसवं. तक्रार म्हणून कधी आली नाही. उलट एका म्हातारीनं पोरगं सुट्टीला आल्यावर त्याला सुनावलं, "चिठ्ठीत लई ग्वाड बोलतुस, तोंडानं मातर न्हाई." तेव्हापासून गावात माझं नाव पोस्ट्या पडलं आणि तोंडाला जी सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही.

हे सांगितलं, कारण मागं एका थंडीत जे झालं ते या तोंडामुळं झालं.

त्या थंडीत रेवती आली. विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी, अंगानं इतकी हलकी की आमच्या फाट्यावर एसटीतून उतरली तेव्हा वाऱ्यानं तिला दोन शेतं पुढं नेऊन ठेवलं असेल. ती गावोगावच्या रेशीमवाल्यांकडे फिरून आलेली होती आणि सगळीकडून नकार घेऊन आलेली होती. तिला हवे होते असे कोष, ज्यांना चुन्याचा कण लागलेला नाही, औषध लागलेलं नाही, धूर लागलेला नाही. एकाच शेडमधले, एकाच बॅचचे, आणि ताजे. अळ्या कात टाकायला बसल्या की त्यांच्या अंगावर चुना भुरभुरवायचा असतो, नाहीतर ओल धरते आणि रोग शिरतो. चुन्याशिवाय अळ्या वाढवा म्हणणं म्हणजे भिंतीशिवाय घर बांधा म्हणण्यासारखं. दादानं मान हलवून नाही म्हटलं. दादा एरवीही मानेनंच बोलतो.

वहिनीनं विचारलं, "कशाला पायजेत असले कोष?"

रेवती ओट्यावर बसली आणि सांगायला लागली. कोषाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. आतला मजबूत गाभा म्हणजे फायब्रॉइन, आणि त्याच्याभोवती चिकट लेप असतो तो सेरिसिन.

"म्हंजी दोरा आन डिंक," वहिनी म्हणाली.

"हो. अगदी तेच."

सोड्याच्या पाण्यात कोष उकळले की डिंक सुटतो. उरलेला दोरा एका खास क्षाराच्या पाण्यात विरघळवायचा, मग त्यातून क्षार हळूहळू काढून टाकायचा. हातात राहतं ते पाण्यासारखं पातळ रेशीम. ते ताटलीत ओतून वाळवलं की काचेसारखा पारदर्शक पापुद्रा निघतो. गोठवून सुकवलं तर स्पंज होतो. घट्ट केलं तर त्याचा बारीक स्क्रूसुद्धा करता येतो. आणि शरीर त्याला सहसा परकं मानत नाही. काही दिवसांनी, काही महिन्यांनी, जसं बनवलं असेल तसं, सावकाश जिरवून टाकतं. काढायला पुन्हा टाके उसवावे लागत नाहीत.

वहिनीनं पदराचा एक दोरा ओढून बघितला. मग म्हणाली, "अळीनं पाण्याचा दोरा केला. तुमी दोऱ्याचं पुन्यांदा पानी करता. मंग मधी अळीला कावून राबवली?"

रेवती हसली. "कारण आम्हाला अळीसारखं पाणी अजून करता येत नाही, काकू."

मी त्या दिवशी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो आणि आयुष्यात प्रथमच मला बोलायला काही सुचत नव्हतं. मी लोकांना सांगत आलो होतो की एका कोषाचा धागा उलगडला तर आमच्या वेशीपासून पहिल्या ओढ्यापर्यंत जातो. मला वाटायचं, मी थाप मारतोय. रेवतीला विचारलं तर ती म्हणाली, साधारण किलोमीटरभर भरतो. म्हणजे पहिला ओढा सोडून दुसऱ्याच्या पलीकडे. माणसानं एवढी मेहनत घेऊन थाप मारावी आणि ती खऱ्यापेक्षा तोकडी निघावी, यासारखी नाचक्की नाही. आणि वर ही मुलगी सांगत होती की रेशमाच्या पापुद्र्यावर केसाहून बारीक तारांचं यंत्र बसवून अंगावर चिकटवता येतं, फळावर रेशमाचा पातळ हात दिला तर फळ जास्त दिवस टिकतं. ती हे सगळं भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती. ना हातवारे, ना डोळे मोठे. माझ्यासारख्याच्या हातात हा माल असता तर मी जिल्हा गाजवला असता.

तिचं स्वतःचं काम मात्र छोटं होतं. भाजलेल्या जखमेवर ठेवायची पातळ पट्टी. अशी की जी ओली राहील, आतलं दिसू देईल, आणि बदलताना जखमेला चिकटणार नाही. शेवटचे काही प्रयोग राहिले होते आणि त्यासाठी असे निर्मळ कोष हवे होते. तिचं ते शेवटचं वर्ष होतं.

'चिकटणार नाही' म्हटल्यावर वहिनीनं डाव्या हाताची बाही वर केली.

तिच्या मनगटापासून कोपरापर्यंतचा डाग आम्हाला घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो ती कुणाला दाखवत नाही. माजलगावकडे तिचं माहेर. लग्नाआधी गुऱ्हाळात काहिलीतली उकळती काकवी हातावर आली होती. काकवीनं भाजलं ते एकदा. जाळीची पट्टी मात्र रोज बदलायची, आणि ती रोज जखमेत रुतून बसलेली असायची. "नर्सबाई पट्टी वढायच्या," वहिनी म्हणाली, "आन पट्टीसंगं नवीन आल्यालं कातडं बी यायचं. रोज आलं की रोज जायचं. मी बापाला म्हनलं, हात तोडा पर पट्टी बदलू नका." एवढं सांगून तिनं बाही खाली केली आणि म्हणाली, "एक खण देते तुला. जगल्या तर जगल्या."

अशी एका खणाची गोष्ट ठरली. दाराजवळचा, वाऱ्याच्या अंगाचा रॅकचा एक खण. बाकीच्या शेडमध्ये नेहमीची बॅच, नेहमीचा चुना. मध्ये तिनं प्लॅस्टिकचे कागद शिवून पडदा टांगला. त्या खणातल्या अळ्यांच्या खालचा कचरा ती रोज दोनदा हातानं काढायची, कारण कोरडं ठेवायला दुसरं काही नव्हतं. त्या खणाचा पाला वेगळा यायचा, शेताच्या मधल्या सऱ्यांतला, जिथं रस्त्याची धूळ पोचत नाही. तरीही ती पान न् पान कापडानं पुसायची. माझ्या भावाचा चष्मा तिनं लग्न झाल्यापासून एकदाही पुसलेला मी बघितला नाही. दादा त्या पडद्याकडे बघून एकदाच बोलला, "पुढच्या जन्मी अळीच हुतो." आमच्या घरात हे वाक्य अजून सांगतात, कारण त्यात चार शब्द आहेत.

अळ्या जगल्या. सगळ्या नाही, पण पुष्कळ. पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत त्या करंगळीएवढ्या झाल्या, मी बाहेर सांगताना मनगटाएवढ्या म्हणालो. मग खाणं थांबलं, अंगं पिवळसर पारदर्शक झाली, डोकी वर करून त्या इकडे तिकडे हलायला लागल्या. वहिनीनं चंद्रिका अंथरल्या. चंद्रिका म्हणजे घड्यांची प्लॅस्टिकची जाळी. अळी एका घडीत शिरते आणि स्वतःभोवती विणत जाते. आदल्या दिवशी पंगत ज्या शेडमध्ये बसलेली होती तिथं एकदम सामसूम झाली. सामसूम अशी की मी भिंतीला कान लावून बघितला आणि मला माझ्याच कानाचा आवाज आला.

गेल्या महिन्यात रेवती पुन्हा येऊन गेली. आता ती डॉक्टर रेवती आहे. डबीतून तिनं एक पापुद्रा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्यातून हाताच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या, आयुष्याची रेषा तर जरा लांबच दिसली. मी विचारलं, "आता माणसाला लावता ना?" तर म्हणाली, अजून नाही, उंदरांवर चाललंय, आणि पुढं परवानग्यांच्या बऱ्याच पायऱ्या आहेत. म्हणजे आमच्या वहिनीच्या रेशमाचे पहिले लाभार्थी उंदीर. ही गोष्ट मी गावात सांगितलेली नाही. गावातल्या उंदरांचा तोरा आधीच कमी नाही. पण तो पापुद्रा त्याच्या पुढच्या थंडीतल्या कोषांचा होता. मी सांगतोय त्या थंडीतले कोष तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत.

कारण असं, की अळ्या कोष विणत होत्या तेव्हा मी फाट्यावरच्या हॉटेलात बसून माझं विणत होतो.

पहिल्या दिवशी मी सांगितलं ते तंतोतंत खरं होतं. भाजलेल्या जखमेवरची पट्टी. लोकांनी चहा पिता पिता हं हं केलं आणि उसाच्या गोष्टी सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी मी पट्टीचं कातडं केलं; माणसाला नवं कातडं बसवणार म्हटल्यावर दोन डोकी वळली. तिसऱ्या दिवशी हाड. चौथ्या दिवशी डोळ्याचा पडदा. पाचव्या दिवशी हॉटेलवाल्यानं माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि फुकटच्या चहाला जागायचं म्हणून मी सांगितलं, की मोठ्या दवाखान्यात फाटलेलं काळीज आणून ठेवतात, आणि आमच्या वहिनीच्या त्या एका खणातल्या धाग्यानं ते शिवतात. शिवलं की काळीज पहिल्यापेक्षा जोरात चालतं. "पेशंट उठून घरी जातो," मी म्हणालो. "चालत. एसटीची वाट बघत न्हाई."

कोष तयार झाले. मोठा माल घेऊन दादा आणि वहिनी बीडच्या बाजाराला निघाले. जाण्याआधी वहिनीनं त्या एका खणाचे कोष हातमोजे घालून काढले, स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर त्यांचा ढीग घातला, वर दुसरं धोतर झाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवती पेटी घेऊन येणार होती. उशीर चालणार नव्हता. आतला किडा थोड्याच दिवसांत पतंग होऊन कोष भोकसून बाहेर पडतो, त्याआधी कोष कापून त्याला बाहेर काढायचं होतं.

किल्ली माझ्या हातात देत वहिनी म्हणाली, "भावजी, कुनाला आत घिऊ नका. तुमी बी जाऊ नका. दाराला बसून ऱ्हावा."

मी दाराला बसून राहिलो. हे खरं आहे.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गजराकाकू आल्या. आमच्या आळीतली सगळ्यात जुनी बाई; पाठीतून इतकी वाकलेली की तिला रस्त्यावरची पडलेली सुई आधी दिसते आणि समोरचा माणूस नंतर. त्यांच्या मागं सात-आठ म्हाताऱ्या. सगळ्यांच्या हातात ताटं. मुलं, सुना उसाला गेलेल्या, घरं रिकामी, दुपार मोकळी.

"का रं पोस्ट्या," गजराकाकू म्हणाल्या, "काळजाची रास हितंच हाय का?"

मी म्हणालो, हाय, पण आत जायचं न्हाई.

"कावून?"

"वैनी न्हाई म्हनल्यात."

"वैनी तुझी गुनाची हाय. पर ती पडली माजलगावाकडची, कॅनॉलच्या पान्याची. तिला काय म्हाईत?" बाकीच्या म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या. "रास पुजल्याबिगर कुनी उचललीय का आजपातूर? ज्वारीची पुजतो, तुरीची पुजतो. ही तर मानसाच्या काळजात जायाची. आन बिनपुजल्याली धाडता व्हय रं? उद्या कुनाचं शिवल्यालं उसवलं म्हंजी?"

आता इथं मी सांगू शकत होतो की काकू, काळजाचं मी वाढवून सांगितलं. चार शब्द. दादानं सांगितले असते. पण आठ म्हाताऱ्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं चिठ्ठी फोडताना बघायच्या. मी कुलूप काढलं. दारात त्यांचे पाय मात्र भिजल्या पोत्यावर पुसून घेतले, म्हणजे अगदीच निष्काळजी नव्हतो.

रास कशी पुजायची ते आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वरचं धोतर काढलं. ऊन खिडकीतून थेट ढिगावर पडलं आणि म्हाताऱ्यांनी डोक्यावरचे पदर पुढं ओढले. पांढरे कोष, एकसारखे, कबुतराच्या अंड्यांसारखे, त्यांना चुन्याची पूड नाही म्हणून उजेडात आतून ऊब असल्यासारखे दिसत होते. गजराकाकूंनी ढिगाभोवती पाण्याची धार धरली. मग हळद. मग कुंकू. चिमटीनं नव्हे, मुठीनं, कारण देणं काळजाला होतं. मग निखाऱ्यावर ऊद टाकला आणि तो धूर ढिगाभोवती पाच वेळा फिरवला. उंबऱ्यावर नारळ फोडला, निम्मं पाणी उंबऱ्याला, निम्मं राशीला. प्रत्येकीनं वाकून दोन्ही हात ढिगाला लावले आणि ते हात स्वतःच्या डोळ्यांना लावले.

गजराकाकूंनी शेवटी एक कोष उचलला. लुगड्याच्या पदराखाली, डाव्या अंगाला, धरून ठेवला. मला म्हणाल्या, "राती धडधडतंय रं लई. ल्येकाला सांगायचं तर त्यो तिकडं फडात. हे ठिवू का वाईच?"

"ठेवा," मी म्हणालो.

उन्हं कलली तेव्हा दादा-वहिनी परत आले. मोठ्या मालाला चांगला भाव मिळाला होता. दादाच्या मानेवरून कळत होतं. वहिनी शेडमध्ये गेली. मी दारात उभा राहून काय म्हणायचं याची जुळवाजुळव करत होतो. माझ्याजवळ तीन वेगवेगळ्या हकिकती तयार होत्या, एकीत वानरं होती. तिनं काही विचारलंच नाही. ढिगासमोर बसली. हातमोजे घातले. एकेक कोष उचलून उजेडात फिरवून बघायला लागली. लाल लागलेला एकीकडे. पिवळा लागलेला एकीकडे. नारळाच्या पाण्यानं चिकट झालेला एकीकडे. उरले त्यांचा चौथा ढीग व्हायला लागला, आणि मला जरा बरं वाटलं, कारण तो ढीग अगदीच लहान नव्हता. मग तिनं त्यातला एक कोष नाकाजवळ नेला. दुसरा नेला. खाली ठेवला. उदाचा वास काही रंगासारखा दिसत नाही.

"वैनी," मी म्हणालो, "वल्या फडक्यानं पुसलं तर?"

तिनं चारही ढीग पुन्हा एकत्र लोटले.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या. वढ्याच्या पल्याडच्या शेडात बी ह्याच जातीचे कोष निघालेत. पाटीभर आनतो मी मागून. चुना काय, फुंकला की उडतो. अळीची आई आनून बसवली तरी तिला वळखायचे न्हाईत."

ती उठली, हातमोजे काढले, ओट्यावर आली आणि रेवतीला फोन लावला. आमच्या वहिनीला फोनवर मोठ्यानं बोलायची सवय आहे, चौसाळ्यापर्यंत फोन न लावताही ऐकू जावं एवढं मोठ्यानं. त्या दिवशी मात्र मला पुढं सरकून ऐकावं लागलं.

"रेवती, उद्या यिऊ नको. कोषाला हळदी-कुकू लागलं. धूर लागला. नारळाचं पानी बी लागलं."

पलीकडून काहीतरी विचारलं.

"समद्यालाच," वहिनी म्हणाली. "काही कोरे दिसतेत, पर धूर समद्यालाच लागलाय. आमच्याच घरातून झालं."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. रेवती रडली का, चिडली का, मला कळलं नाही. पुढं कळलं ते एवढंच, की तिचं एक वर्ष लांबलं, आणि तिनं ते कारण लेखी देताना 'नमुना दूषित झाला' असं लिहिलं. तीन शब्दांत. मी लिहिलं असतं तर त्याचं पुस्तक झालं असतं. "पुढल्या थंडीला पुन्यांदा करते," वहिनी म्हणाली. "व्हय. बिनचुन्याचेच." आणि फोन ठेवला.

मी तिथंच होतो. दादा बैलाच्या गव्हाणीत कडबा टाकत होता आणि इकडे बघत नव्हता. कुणीतरी मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं, म्हणजे मला उलट काही बोलता आलं असतं. कुणी देईना. शेवटी मीच म्हणालो, "वैनी, मी खरंच सांगतो, पाटीभर दुसरे दिले असते तर कुनाला कळलं असतं?"

वहिनी धोतराची चारी टोकं धरून तो ढीग बांधत होती.

"ज्याच्या जखमेवर ठिवतील, त्याला."